हवेने पेटणारे द्रव्य

दिल्लीच्या उत्तरेस जी लांबट टेकडी पसरली आहे, तिच्या माथ्यावर हिंदूराव रुग्णालयाजवळ सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. हा स्तंभ एकसंध नाही. पाच तुकडे एकावर एक बसवून तो सांधलेला आहे, आणि जवळ गेल्यास त्याच्या अंगावरचे जोड सहज दिसतात. मुळात मेरठ येथे असलेला हा स्तंभ फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीस आणवला आणि टेकडीवरील आपल्या शिकारवाड्यात उभा केला. तेथे तो सुमारे साडेतीनशे वर्षे राहिला. पुढे फर्रुखसियर बादशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे 1713 ते 1719 च्या दरम्यान, जवळच्या एका दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि दोन हजार वर्षे ऊनपाऊस सोसलेला तो पाषाण कोसळून पाच ठिकाणी भंगला.

या टेकडीला ज्यांचे नाव मिळाले ते हिंदूराव आपल्यातलेच होते, हे दिल्लीस बदलून आलेल्या मराठी माणसाला बहुधा प्रथम कोणी तरी सांगावे लागते. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील हे सरदार सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. ग्वाल्हेरचे राजकारण पालटल्यावर ते दिल्लीस येऊन राहिले. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा 1835 साली खून झाल्यानंतर टेकडीवरचा त्याचा वाडा हिंदूरावांनी विकत घेतला, आणि त्या जमिनीबरोबर भंगलेला स्तंभही त्यांच्या मालकीत आला. त्यांनी ते तुकडे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीस देऊन टाकले. एवढे ओझे वाहून नेण्याचा खर्च पेलणारा नव्हता, म्हणून लेख कोरलेला भाग तेवढा कापून कलकत्त्यास गेला. 1866 साली तो परत आला आणि पुढल्या वर्षी स्तंभ पुन्हा उभा राहिला.

दरम्यान 1857 साल येऊन गेले होते. त्या वर्षीच्या 11 मे रोजी काश्मिरी दरवाजाजवळचे दारूगोळ्याचे कोठार बंडवाल्या शिपायांच्या हाती पडू नये म्हणून त्याच्या नऊ इंग्रज रखवालदारांनी आपल्या हाताने उडवून दिले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हिंदूरावांचा वाडा इंग्रजी फौजेचे ठाणे बनला, आणि त्याच्या भिंतींवर शहरातून तोफांचा मारा होत राहिला. अशा रीतीने दीडशे वर्षांच्या अंतराने दोनदा या परिसराने दारूची करणी पाहिली आहे. आज त्याच जागी रुग्णालय आहे, आणि जखमेवर औषध मिळते.

या टेकडीचा इतिहास सांगण्याचे निमित्त मात्र निराळे आहे. जे द्रव्य क्षणार्धात सर्वनाश करू शकते, त्याची राखण माणसाने कशी केली, हा प्रश्न दारूच्या काळापासून आजपर्यंत तोच राहिला आहे. विसाव्या शतकात दारूहून कितीतरी चंचल असे एक द्रव्य मनुष्याने कारखान्यात आणले, त्याला कामाला लावले, आणि त्याच्या मेहनतीचे फळ आज आपल्या प्रत्येकाच्या मोरीत आणि स्वयंपाकघरात आहे. त्याचे नाव ट्रायएथिल ॲल्युमिनियम. त्याची कथा या पानांवर पूर्वी आल्याचे आम्हांस स्मरत नाही, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम दारू आणि हे द्रव्य यांतील भेद पाहू. बंदुकीच्या दारूत शंभर भागांपैकी सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असतो. कोळसा व गंधक हे जळणारे पदार्थ, आणि सोरा हे त्यांना लागणाऱ्या प्राणवायूचे भांडार. म्हणजे दारू आपली हवा आपल्याबरोबर बाळगते. तिला उणीव असते ती फक्त ठिणगीची. ट्रायएथिल ॲल्युमिनियमची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्याला ठिणगीची गरजच नाही. हवा लागली की ते स्वतः पेटते. म्हणून दारूच्या कोठारात चकमक, विडी आणि लोखंडी नाल नेण्यास मनाई असे, आणि या द्रव्याच्या कोठारात हवेलाच मनाई असते. ठिणगी रोखणे माणसाला कठीण जाते; पण हवा रोखणे त्याहून किती अवघड आहे, हे वेगळे सांगावयास नको.

हे द्रव्य दिसावयास अगदी निरुपद्रवी आहे. पाण्यासारखे निर्मळ, रंगहीन, पाण्याहून हलके. एका लिटरचे वजन सुमारे 835 ग्रॅम भरते. शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास गारठवल्याशिवाय ते गोठत नाही. ॲल्युमिनियमच्या एका अणूभोवती एथिल नावाचे तीन गट, प्रत्येकात दोन कर्बाचे आणि पाच हायड्रोजनचे अणू, अशी त्याची घडण आहे; आणि असे दोन रेणू बहुधा एकमेकांना बिलगून असतात. या बिलगण्यातच त्याच्या स्वभावाचे मर्म आहे. ॲल्युमिनियमच्या अणूला आपल्या भोवतीचे घर भरण्यास आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, आणि या संयुगात त्याच्या वाट्याला सहाच येतात. उरलेल्या दोहोंसाठी तो सदैव हावरा असतो. प्राणवायूशी तर ॲल्युमिनियमचे सख्य इतके घट्ट की ती जोडी जमताना प्रचंड उष्णता बाहेर पडते.

यावर वाचक विचारतील, की मग आमच्या घरचे ॲल्युमिनियमचे पातेले कसे पेट घेत नाही? त्याचे उत्तर असे, की नव्या पातेल्याला हवा लागताच त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ व चिवट पापुद्रा बसतो आणि तो आतील धातूला हवेपासून राखतो. दिवाळीच्या फुलबाजीत हाच धातू भुकटीच्या रूपाने पेटवून दिला म्हणजे त्याची खरी प्रकृती दिसते. द्रवरूप एथिल संयुगाला असा पापुद्र्याचा आडोसा मुळीच नसतो. ते हवेसमोर उघड्यानेच येते.

पाण्याशी त्याचे वैर हवेहूनही भयंकर आहे. पाण्याचा थेंब पडताच एकेका रेणूतून एथेन वायूचे तीन तीन रेणू सुटतात, आणि त्या उष्णतेत तो ज्वालाग्राही वायू पेट घेतो. म्हणून याच्या आगीवर पाण्याचा फवारा मारणे म्हणजे आगीला इंधन पुरवणे होय. फेस चालत नाही, कारण त्यात पाणी असते. कार्बन डाय-ऑक्साइडही चालत नाही, कारण त्याच्याशीही हे द्रव्य झोंबते. कोरडी रासायनिक भुकटी, भट्टीत वाळवलेली वाळू, आणि पुष्कळदा आजूबाजूचे सारे सुरक्षित ठेवून त्याला जळून संपू देणे, एवढेच उपाय उरतात. अंगावर उडाल्यास ते त्वचा व मांस खोलवर भाजते, आणि त्याचा पांढरा धूर फुप्फुसांस अपाय करतो.

असल्या द्रव्याच्या वाटेस मनुष्य मुळात गेला तो निव्वळ जिज्ञासेने. 1849 साली एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनज्ञाने जस्त आणि एथिल यांचे संयुग बनवले. तेही हवेत आपोआप पेटणारे निघाले. धातू आणि सेंद्रिय गट थेट एकमेकांस जोडले जाऊ शकतात, हे तेव्हा प्रत्ययास आले. 1865 साली बक्टन आणि ओडलिंग या दोघा इंग्रजांनी पाऱ्याच्या संयुगावर ॲल्युमिनियमची क्रिया घडवून ट्रायएथिल आणि त्याचे धाकटे भावंड ट्रायमेथिल ही दोन्ही संयुगे सिद्ध केली. परंतु त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे ही संयुगे प्रयोगशाळेतील बंदिस्त काचनळ्यांतच पडून राहिली. त्यांचा काही उपयोग असेल, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

तो उपयोग काढला कार्ल त्सीग्लर या जर्मन शास्त्रज्ञाने. रूर नदीकाठच्या म्युलहाइम गावी कोळशाच्या संशोधनासाठी स्थापन झालेली एक संस्था होती. 1943 साली तिचे संचालकपद त्सीग्लर यांना देऊ करण्यात आले, तेव्हा कोळशाशी संबंध असो वा नसो, आपल्याला हवे ते संशोधन करण्याची पूर्ण मुभा मिळावी, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य झाली. युद्धानंतर त्यांनी ॲल्युमिनियम, हायड्रोजन आणि एथिलीन वायू यांच्यापासून ट्रायएथिल ॲल्युमिनियम थेट तयार करण्याची रीत शोधली. त्यामुळे हे दुर्मीळ द्रव्य स्वस्त व मुबलक झाले. एथिलीनचे रेणू त्याच्या अंगाला एकामागून एक जोडून कर्बाच्या लांब साखळ्या वाढवता येतात, हेही त्यांच्या ध्यानी आले.

1953 साली या प्रयोगांत एक अडचण उद्भवली. साखळी वाढण्याऐवजी दोन एथिलीन जोडले जाऊन क्रिया तेथेच थांबू लागली. दुसरा एखादा मनुष्य तो प्रयोग बिघडला म्हणून टाकून देता. त्सीग्लर आणि त्यांचे सहकारी कारण शोधत बसले, आणि शेवटी पोलादी पात्रात राहिलेल्या निकेलच्या सूक्ष्म अंशाने हे घडवले असे निष्पन्न झाले. निकेल साखळी तोडते, तर साखळी लांबवणारा एखादा धातूही असला पाहिजे, या तर्काने त्यांनी एकेक धातूचे संयुग क्रमाने आजमावले. झिर्कोनियमने आशा दाखवली, आणि टायटॅनियम क्लोराइडने कमाल केली. ट्रायएथिल ॲल्युमिनियमच्या जोडीने ते घालताच एथिलीन साध्या हवेच्या दाबाखाली, किंचित उष्णतेत, पांढऱ्या पॉलिथीनच्या रूपाने साकळू लागले.

या घटनेचे महत्त्व कळावे म्हणून थोडे मागे जावे लागेल. पॉलिथीनचा शोध इंग्लंडातील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत 1933 सालीच लागला होता. परंतु ते तयार होण्यास नेहमीच्या हवेच्या हजार-दोन हजार पट दाब लागे. एवढा दाब सोसणारी जाड पोलादी यंत्रे थोड्याच देशांना परवडणारी होती. त्यातून निघणारे पॉलिथीन मऊ असे, आणि उकळत्या पाण्याच्या उष्णतेपाशीच ढिले पडे. त्सीग्लर यांचे पॉलिथीन घट्ट, ताठ आणि उष्णतेला अधिक टिकणारे होते. पुढच्याच वर्षी, 1954 साली, मिलान येथील जुलिओ नात्ता यांनी याच जातीच्या द्रव्यांनी प्रोपिलीनच्या साखळ्या ओळीने शिस्तीत बसवून पॉलिप्रोपिलीन सिद्ध केले. 1963 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून देण्यात आले.

ही विद्या महाराष्ट्रात पोहोचण्यास पुढे फार काळ लागला नाही. 1968 साली ठाणे परिसरात पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज या कंपनीने जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीच्या सहकार्याने घट्ट पॉलिथीनचे उत्पादन सुरू केले. त्याच सुमारास शेजारी नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीजचा नाफ्था फोडणारा कारखाना उभा राहिला, आणि त्यातून एथिलीन मिळू लागले. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा रसायनांच्या कारखान्यांची रांग लागली ती याच काळात. पुढे बडोद्यास, आणि नंतर रायगड जिल्ह्यातील नागोठण्यास, इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने मोठे प्रकल्प उभारले. घागरी, बादल्या, दोरखंड, पाण्याचे नळ, सिमेंटच्या व खताच्या विणलेल्या गोण्या, शेतातील तुषारसिंचनाच्या नळ्या, असा संसार या द्रव्यांच्या साहाय्याने निर्माण झाला. दुष्काळी गावातील स्त्रीच्या डोक्यावरची पितळी घागर उतरून तिच्या जागी हलकी घागर आली, हा बदल लहान म्हणता येणार नाही.

याच द्रव्याची इतर कामेही नमूद करण्याजोगी आहेत. आपोआप पेटण्याचा त्याचा दुर्गुण अग्निबाणाच्या शास्त्रज्ञांनी गुण म्हणून वापरला. 1969 साली अपोलो अकरा यान चंद्राकडे निघाले, तेव्हा त्याच्या महाकाय सॅटर्न बाणाच्या पहिल्या टप्प्यातील पाचही यंत्रे ट्रायएथिल बोरॉन व ट्रायएथिल ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाने पेटवली गेली. आपल्या देशातही अंतराळ संशोधन संस्थेने 2 मे 2024 रोजी तामिळनाडूतील महेंद्रगिरी येथे द्रव प्राणवायू व केरोसिनवर चालणाऱ्या नव्या यंत्राच्या एका भागाची प्रज्वलन-चाचणी यशस्वी केली, आणि तीत याच जोडीची कुपी प्रथमच वापरली. धाकट्या भावंडाला, ट्रायमेथिल ॲल्युमिनियमला, संगणकाच्या सूक्ष्म चकत्यांवर अणूच्या जाडीचे थर चढवण्याचे काम मिळाले आहे. मात्र शस्त्रकारांनीही या गुणाकडे दुर्लक्ष केले नाही. हेच द्रव्य दाट करून अमेरिकी सैन्याने नेपामच्या जागी जाळपोळ करणाऱ्या बाणांत भरले. जे कुपीत चंद्राकडे नेते ते बाणात माणसाला जाळते. त्यात द्रव्याची इच्छा कोठेच नसते.

आता हे द्रव्य राखतात कसे ते पाहू, कारण आमच्या कथनाचा गाभा तेथेच आहे. ते पोलादी टाक्यांत भरतात, आणि वर निष्क्रिय अशा नत्रवायूचा थर ठेवतात. एका टाकीतून दुसरीत नेताना नळी आधी कोरड्या नत्रवायूने धुऊन घेतात. ओलाव्याचा अंश राहिला नाही याची खात्री करतात. काम संपल्यावर नळी पुन्हा तेलाने व नत्रवायूने स्वच्छ करतात. शक्य तेथे हेक्झेनसारख्या द्रवात ते इतके पातळ करून ठेवतात, की हवा लागली तरी तत्काळ पेटू नये. ही मर्यादा साधारणपणे बारा टक्क्यांच्या आसपास येते, आणि द्रावणानुसार थोडी इकडेतिकडे होते. कामगार चामड्याचे किंवा आगीस दाद न देणारे कपडे आणि चेहऱ्यावर पूर्ण आवरण घालतात. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत अशा द्रव्यांस 3394 हा क्रमांक आहे. तो क्रमांक टाकीवर वाचता येणे, हे आग विझवण्यास धावलेल्या जवानाच्या दृष्टीने जिवंत परतणे आणि न परतणे यांतील अंतर ठरू शकते.

नियम पाळले जातात तेथे हे द्रव्य वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करते. नियम शिथिल होतात तेथे काय होते, याचे एक उदाहरण याच्या जातीच्या दुसऱ्या द्रव्याचे आहे. डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत टर्शरी-ब्युटिललिथियम हे हवेत आपोआप पेटणारे द्रव्य सुईच्या पिचकारीने काढत असताना पिचकारीचा दट्ट्या निखळला. तेथील तरुण साहाय्यिकेच्या अंगावर प्रयोगशाळेचा संरक्षक अंगरखा नव्हता, साधे कृत्रिम धाग्याचे वस्त्र होते. भाजलेल्या जखमांनी तिचा पुढच्या महिन्यात अंत झाला. द्रव्याचे गुणधर्म आधीच पुस्तकांत लिहिलेले होते. अंगरखा खुंटीवर असणे आणि अंगावर असणे यांत मात्र कोणाची तरी देखरेख असावी लागते.

आमच्यासारख्या फायलीवर टिपणे लिहिणाऱ्याला नियमांचा कंटाळा येतो हे खरे आहे. परंतु या नियमांचा जन्म कोठे झाला ते पाहिले की कंटाळ्याची जागा निराळी भावना घेते. हिंदुस्थानातील स्फोटक पदार्थांचा कायदा 1884 सालचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी 1898 साली स्वतंत्र खाते निर्माण झाले, आणि त्याचे मुख्यालय आज आपल्या नागपुरात आहे. असे कायदे असतानाही 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज उडाले. त्या जहाजात युद्धासाठी आणलेले सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्य होते, आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही होत्या. आग प्रथम कापसाला लागली. ती विझवावयास गेलेल्या मुंबई अग्निशामक दलाच्या 66 जवानांचा अंत झाला, आणि त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कोणते द्रव्य कोणाशेजारी ठेवू नये, हा कोठारशास्त्राचा पहिला धडा त्या दिवशी मुंबईस पुन्हा शिकावा लागला.

पुढचा धडा भोपाळने दिला. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री एका टाकीत पाणी शिरले, आणि तीत साठवलेले मेथिल आयसोसायनेट उसळून शहरावर पसरले. त्यानंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला, 1987 साली कारखाना कायद्यात धोक्याच्या प्रक्रियांचे नवे प्रकरण घालण्यात आले, आणि 1989 साली धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यांविषयीचे नियम निघाले. मोठा साठा बाळगणाऱ्या कारखान्याने आपल्या आवारातील आपत्तीची योजना करावी, आणि बाहेरच्या वस्तीसाठी प्रशासनाने योजना करावी, अशी वाटणी या नियमांनी केली. नियम कागदावर येऊनही नोव्हेंबर 1990 मध्ये नागोठण्याच्या प्रकल्पात इंधनवायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा अपघात आमच्या कथेतील द्रव्याचा नव्हता, साध्या वायूचा होता. सर्वांत उग्र द्रव्याकडे सर्वांचे डोळे असतात. दुर्लक्ष होते ते नेहमीच्या, ओळखीच्या वस्तूंकडे.

हे ध्यानात घेऊन पुन्हा दिल्लीतील हिंदूरावांच्या नावाकडे येऊ. टेकडीच्या दक्षिणेस, सदर बाजाराला लागून ‘बाडा हिंदूराव’ नावाची गजबजलेली वस्ती आहे. सदर बाजार म्हणजे दिल्लीतील घाऊक मालाची मोठी पेठ. तेथे बादल्या, डबे, खेळणी, दोऱ्या, पिशव्या यांचे डोंगर रचलेले असतात, आणि त्यांतील पुष्कळसा माल त्सीग्लर व नात्ता यांच्या विद्येने जन्मलेला असतो. ज्या द्रव्याने तो घडवला ते कोठे तरी दूर, नत्रवायूखाली, पहाऱ्यात आहे. घडलेली वस्तू मात्र पूर्णपणे निरुपद्रवी मानली जाते. तिला परवाना लागत नाही, तिच्यावर क्रमांक नसतो, तिच्याभोवती कोणी रिंगण आखीत नाही.

या वस्तीपासून जवळच, राणी झाशी मार्गालगत, अनाज मंडी आहे. तेथील एका दाट गल्लीतल्या इमारतीत पिशव्या व तत्सम माल बनवण्याचे छोटे कारखाने चालत, आणि कामगार रात्री तेथेच झोपत. 8 डिसेंबर 2019 च्या पहाटे तेथे आग लागली. झोपेत असलेल्या 43 माणसांचा अंत झाला, आणि त्यांतील बहुतेकांना ज्वाळेने नव्हे, जळत्या मालाच्या धुराने गुदमरवले. अग्निशमन खात्याचा दाखला त्या इमारतीस नव्हता. मृतांतील पुष्कळजण बिहारमधून पोटासाठी आलेले होते. आपणही पोटासाठीच दिल्लीस आलो आहोत; फरक इतकाच, की आपल्याला सरकारी वसाहतीतील खोली मिळाली आणि त्यांना कारखान्याचा मजला.

43 हा आकडा दारूच्या कोठाराचा नाही आणि हवेत पेटणाऱ्या द्रव्याचाही नाही. तो साठवलेल्या सामान्य मालाचा, अडलेल्या वाटेचा आणि न दिलेल्या दाखल्याचा आहे. ट्रायएथिल ॲल्युमिनियमच्या टाकीजवळ असे काही घडू देण्याचे धाडस कोणी करणार नाही, कारण तिचे भय सर्वांना असते. भय असले की नियम पाळला जातो, तपासणी होते, नोंदवहीत सही पडते. प्लास्टिकच्या पिशव्यांचे कोणाला भय वाटते? म्हणून तेथे सही पडली नाही, आणि पडली असती तर ती कोणा कारकुनाच्या टेबलावरूनच गेली असती.

आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या मंत्रालयात, आयोगात किंवा महामंडळात अशाच टेबलांवर बसतात. आपल्यापुढे येणाऱ्या कागदावर द्रव्याचा रंग नसतो, वास नसतो, ठिणगी नसते. असतो एक रकाना, आणि तो भरावा की कोरा सोडावा हे आपल्याला ठरवायचे असते. ट्रायएथिल ॲल्युमिनियमच्या इतिहासात त्सीग्लर यांची बुद्धिमत्ता जितकी महत्त्वाची आहे, तितकीच त्यानंतर ठाण्यात, बडोद्यात आणि नागोठण्यात दररोज नळी कोरडी आहे की नाही हे पाहून वहीत लिहिणाऱ्या असंख्य अनामिकांची चिकाटी महत्त्वाची आहे. त्यांची नावे कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत नाहीत. त्यांच्या वहीतील रकाने कोरे राहिले असते, तर या द्रव्याचा इतिहास लिहिण्यास आज कोणी धजावले नसते.